पेरूच्या फोडीवरचं रक्त

गेल्या वर्षी जानेवारीत पेरूची फोड चावली आणि दातांच्या खुणेपाशी लाल डाग दिसला. पांढऱ्या पेरूवर तो लपला नाही. ब्रश करताना फेस गुलाबी होतो, हे मात्र मी दोन वर्षं बघत होते आणि नळाखाली धुऊन टाकत होते. माझं वय ४९, मधुमेहाला सहा वर्षं झालेली, सांगलीत शाळेत शिकवते.

आमच्याकडे याला पायोरिया म्हणतात आणि त्यावर उपाय घरातच असतो. सासूबाईंनी सकाळी तिळाचं तेल तोंडात धरायला सांगितलं, आयुर्वेदात ज्याला गंडूष म्हणतात ते. रात्री हळद-मीठ तेलात कालवून हिरड्यांना चोळायचं, मग तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या. मी मनापासून केलं, आणि तीन आठवड्यांत रक्त खरोखर कमी झालं. तोंडाचा वासही गेला. बरी झाले, असंच मी धरून चालले. मे महिन्यात खालची मागची दाढ ठणकू लागली तेव्हा लवंगेच्या तेलाचा बोळा थेट तसाच ठेवला. ठणका थांबला, पण हिरडी भाजून पांढरी पडली. त्यानंतर जिभेने ढकललं की दाढ हलतेय हे कळायला लागलं.

तेव्हा मात्र दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. खुणा केलेली बारीक सळई प्रत्येक दाताशेजारी हिरडीत घालून त्या आकडे सांगत होत्या आणि सहायक लिहून घेत होती. तीन, दोन, चार, सहा. त्या दाढेपाशी सात. "काकू, तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे हिरडी दातापासून सुटलीय." दातांवरचा मऊ थर साफ झाला नाही की त्याचं कीटण होतं. ते हिरडीखाली उतरलं की त्यावर जंतू टिकून राहतात, त्यांच्याशी लढताना शरीर सूज आणतं, आणि ती सूज वर्षानुवर्षं राहिली की दाताचं हाड झिजतं. माझ्या एक्स-रेत त्या दाढेभोवतीचं हाड निम्मं उरलं होतं.

मग तेलाने फरक का पडला होता? मी विचारलंच. चूळ खळखळवली, बोटाने चोळलं, की वरचा थर आणि वरची सूज उतरते. सहा मिलिमीटर खाली ना तेल पोचतं ना ब्रश. सासूबाईंचा उपाय खोटा नव्हता, तो वरच्यावर काम करत होता. रक्त थांबलेलं पाहून मी चार महिने घालवले, याचं मला आजही वाईट वाटतं.

भूल देऊन दोन बैठकांत हिरडीखालची सफाई झाली. दुखलं नाही, फक्त खरवडल्याचा आवाज डोक्यात घुमत राहिला. दोन आठवडे क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाच्या चुळा, त्याही पेस्टनंतर अर्धा तास थांबून. त्याने दातांवर तपकिरी डाग आले आणि चहा बेचव लागला. महिन्याभरात दात लांब दिसू लागले, मधे फटी पडल्या, गार पाणी झोंबायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सांगितलं होतं, दात साफ केले की सैल होतात." मीही घाबरले. पण ती फट आधीपासूनच होती. कीटण आणि सूज यांनी ती भरलेली होती, एवढंच.

आहाराचं मात्र माझं मलाच कळलं. चावताना दुखतं म्हणून वर्षभर मी मऊ भात, पाव आणि दिवसातून तीनदा चहा-बिस्किटं खात होते. त्याने साखर वाढत होती, आणि साखर वाढली की हिरड्यांची सूज हटत नाही. मग ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर परत आली. बिस्किटं बंद. रोज एक आवळा किंवा अर्धा पेरू, कारण क जीवनसत्त्व कमी पडलं तरी हिरड्यांतून रक्त येतं. आवळ्याने कीटण विरघळेल, अशी आशा मात्र कुणी धरू नये.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. बहुतेक जागी तीन-चार. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा (HbA1c) आकडा ८.४ वरून ७.६ वर आला, गोळ्या त्याच असताना. हिरड्यांच्या उपचाराने साखर थोडी उतरते असं डॉक्टर म्हणाल्या; माझ्या बाबतीत किती उपचाराने आणि किती भाकरीने, ते वेगळं काढता येणार नाही.

तेल मी अजून धरते, तोंडाला बरं वाटतं म्हणून. रात्री मात्र फटींतून बारीक ब्रश फिरवल्याशिवाय झोपत नाही. मागच्या दाढेचा आकडा सातावरून सहावर आलाय. तिथलं हाड आपोआप भरून येणार नाही. दर तीन महिन्यांनी मोजायचं आणि ती टिकते का ते बघायचं, असं ठरलंय.