जुनी उपकरणे मार्गी लावताना : माझा अनुभव

माळ्यावर साठलेला संगणक, पिक्चर ट्यूबचा टीव्ही, बंद पडलेले मोबाइल आणि वायरींचा गुंता भंगारात न देता अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपवायचा, असे मी ठरवले होते. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की त्यांच्या पीव्हीसी आवरणातून डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात आणि हा धूर, पोट भरण्यासाठी हेच काम करणाऱ्या माणसांच्या, कित्येकदा लहान मुलांच्याही छातीत जातो, हे ठाऊक असताना तडजोड करणे मला शक्य नव्हते. २०२२ मध्ये जगभरात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे.

सर्वाधिक वेळ गेला तो माहिती पुसण्यात. फाइल डिलीट केली तरी मजकूर डिस्कवर तसाच राहतो, म्हणून जुन्या हार्ड डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नवा डेटा लिहून घेतला. एसएसडीच्या, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या, बाबतीत मात्र ही पद्धत पुरेशी भरवशाची नसते, कारण साठवणुकीचा काही भाग तिचा कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) स्वतःकडे राखून ठेवतो. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली इरेजची सोय वापरली. सुरू होणाऱ्या मोबाइलमधून आधी खाते काढले आणि मगच फॅक्टरी रीसेट केले.

एका मोबाइलची बॅटरी फुगून मागचे झाकण वर आले होते. अशी बॅटरी दाबणे किंवा टोकदार वस्तूने उचकटणे म्हणजे आगीला आमंत्रणच. तो मोबाइल कोरडी वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवला आणि केंद्राला तसे आधी कळवले. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावली. टीव्ही अजिबात उघडला नाही, कारण त्याच्या ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते, काचेत शिसे असते आणि बंद केल्यावरही आत उच्च दाबाची वीज शिल्लक असू शकते. त्याचे बहुतेक वजन काचेकडे असल्यामुळे उचलताना पडद्याची बाजू छातीकडे ठेवली.

केंद्र निवडताना मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला : सुटे केलेले भाग पुढे कोणाकडे जातात? एका ठिकाणी उडवाउडवीची उत्तरे मिळाली, तो पर्याय मी तिथेच सोडला. दुसऱ्या केंद्राने सर्किट बोर्ड, काच आणि बॅटऱ्या कोणत्या प्रक्रियाकर्त्यांकडे जातात ते कागदपत्रांसह दाखवले. वस्तूवार पावती त्यांनी लगेच दिली. हार्ड डिस्क व चालूच न होणारा मोबाइल यंत्रात चुरडल्याचे प्रमाणपत्र नंतर आले, ते मी त्यावरील अनुक्रमांक ताडून पाहिल्यावरच स्वीकारले.