मेन स्ट्रीटवरच्या जुन्या विटा: पत्रा काढण्यापासून सांधे भरण्यापर्यंत

अमेरिकेत इलिनॉयमधल्या आमच्या गावात मी मेन स्ट्रीटच्या, म्हणजे गावातली जुनी बाजारपेठ सावरणाऱ्या चळवळीच्या, डिझाइन समितीत स्वयंसेवक आहे. १९७७ मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने गेल्सबर्ग (इलिनॉय), मॅडिसन (इंडियाना) आणि हॉट स्प्रिंग्ज (साउथ डकोटा) या तीन गावांत ओस पडलेल्या बाजारपेठा सावरायचा प्रयोग केला, त्यातून ही चळवळ वाढली. जत्रा, सेल, रोषणाई यांची माहिती सगळीकडे मिळते. मी लिहितोय ते भिंतीबद्दल, कारण नुकसान तिथेच होतं आणि ते भरून येत नाही.

आधी कागद. इमारतीला ऐतिहासिक दर्जा असेल आणि ती धंद्याला किंवा भाड्याने दिलेली असेल, तर दुरुस्तीखर्चाच्या २० टक्के सवलत केंद्र सरकारच्या (फेडरल) करात मिळते, पाच वर्षांत विभागून. अर्जाचे तीन भाग असतात. दुसरा भाग, म्हणजे कामाचा आराखडा, मंजूर होईपर्यंत छिन्नी लावू नका. कामाआधीचे फोटो नसतील तर अर्ज अडतो, म्हणून स्वयंसेवकांच्या हाती सर्वांत आधी कॅमेरा द्या.

१९५०-६० च्या दशकांत दर्शनी भागावर ठोकलेला अॅल्युमिनियमचा पत्रा एकदम उतरवू नका. कोपऱ्यातला एक तुकडा काढून आत काय उरलंय ते पाहा. बऱ्याचदा पत्रा सपाट बसावा म्हणून वरची नक्षीदार कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या माथ्याची पुढे आलेली पट्टी, छाटलेली असते, आणि ती परत करायचा खर्च कोणी धरलेला नसतो.

आता विटांमधले सांधे. जुनी वीट मऊ, सांध्यांत चुन्याचा मसाला. त्यावर सिमेंट भरलं की भिंतीतलं पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही, विटेतून वाट काढतं, हिवाळ्यात गोठतं आणि विटेचा चेहरा पापुद्र्यांनी सुटतो. सँडब्लास्टिंग, म्हणजे जोराने वाळू मारून केलेली सफाई, तर विटेचं भाजलेलं वरचं कवचच उडवतं. ते कुणालाही करू देऊ नका.

जुन्या मसाल्याचा खडा सौम्य आम्लात टाका. चुना विरघळतो आणि वाळू तळाला उरते. तिचा रंग आणि दाणा जुळवा. सांधा रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल उकरा, म्हणजे १२ मिमीचा असेल तर २४ ते ३० मिमी. ग्राइंडर उभ्या सांध्यात हमखास विटेला लागतो, तिथे हातछिन्नीच वापरा. सांधा ओलसर करून साधारण ६ मिमीचे थर द्या. आधीच्या थरावर अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल इतका तो घट्ट झाला की पुढचा. भिंत ४ अंशांखाली थंड किंवा ३५ च्या वर तापलेली असेल तर थांबा. भरल्यावर काही दिवस ओलं पोतं हवंच.

हे काम चुन्यावर हात बसलेल्या गवंड्याचं. स्वयंसेवकांनी पोती ओली ठेवावीत, ग्रंथालयातून दुकानाचे जुने फोटो शोधावेत आणि रिकाम्या दुकानांच्या काचा सजवून तिथे भाड्याच्या चौकशीचा फोन नंबर लावावा.