डार्ट किती भरायचे

बिबट्याच्या बचावाला निघताना बंदूक कुठली घ्यायची यावर वाद होत नाही, औषधावरही फारसा होत नाही. वाद होतो तो बेशुद्ध करणाऱ्या औषधाचे डार्ट किती न्यायचे आणि त्यातले किती आधीच भरून ठेवायचे यावर. ऑक्टोबरमधल्या त्या सकाळीही तो झाला. पुढे दिवसभरात जे घडलं ते बरंचसं त्याच निर्णयावर अवलंबून होतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

यवतच्या पुढे, मुळा-मुठेच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात, एका बंद गुऱ्हाळात बिबट्याची मादी शिरली होती. नुसती शिरली असती तर गर्दी हटवा, रात्री तिची ती निघून जाईल, एवढंच आम्ही फोनवर सांगितलं असतं. बिबट्या उसातून गावात येतो आणि वाट मोकळी मिळाली की उसात परत जातो. पण हिच्या कमरेभोवती तारेची फासकी होती. फासकीचं तुटलेलं टोक उसाच्या चरकाच्या लोखंडी पायात अडकलं होतं. तिला हलताच येत नव्हतं.

फासकी लावलेली असते रानडुकरांसाठी. मोटारसायकलची क्लच वायर, एक खुंटी आणि सरकगाठ, एवढाच तो प्रकार. डुकरांचा कळप एका रात्रीत उसाचं काय करतो ते मी पाहिलेलं आहे, शेतकऱ्याचा संताप मला कळतो. नुकसानभरपाईची सोय आहे, रानडुकरासाठी परवानगीची वाटही नियमांत आहे. फासकी मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारच ठरते, आणि तार डुक्कर कोण नि बिबट्या कोण हे बघत नाही. तरस, कोल्हा, गावातलं कुत्रं, जो त्या वाटेने जाईल तो अडकतो.

पुण्यात किट भरताना माझ्यासोबत नवा डॉक्टर होता, शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजातून नुकताच आलेला. हात चांगला, डोकं तल्लख. तो म्हणाला, "मॅडम, आठच्या आठ डार्ट भरून घेतो. तिथे धावपळीत वेळ मिळणार नाही."

"आठ घे. पण भरायचा एकही नाही," मी म्हणाले.

त्याला ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. हडपसरच्या वाहतुकीत अडकलो तेव्हा त्याला कारणं सांगत बसले.

डार्ट म्हणजे दोन कप्प्यांची सिरिंज. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्यात दाबाने भरलेली हवा, मध्ये रबरी दट्ट्या. सुईचं छिद्र टोकाला नसतं, बाजूला असतं, आणि त्यावर सिलिकॉनची छोटी नळी बसवलेली असते. सुई अंगात घुसली की ही नळी मागे सरकते, छिद्र उघडतं आणि हवेच्या दाबाने औषध स्नायूत जातं. म्हणजे भरलेला डार्ट हा सतत दाबाखाली असलेला डार्ट. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती नळी जरा जरी सरकली तर औषध सांडतं, आणि कुणाच्या बोटात सुई गेली तर माणसाचा जीव धोक्यात येतो. डार्टमधलं झायलाझिन, म्हणजे गुंगीचं औषध, माणसाचा श्वास आणि नाडी दोन्ही मंद करतं. त्याच्यासोबतचं बेशुद्धीचं औषध, केटामीन, तर अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्याच्या प्रत्येक मिलिलिटरचा हिशेब द्यावा लागतो.

पण माझं मुख्य कारण वेगळं होतं. भरलेला डार्ट हा एका ठराविक वजनाच्या जनावरासाठी भरलेला असतो. आम्ही ते जनावर अजून पाहिलंच नव्हतं. फोनवर "मोठी मादी आहे" म्हणणाऱ्या माणसाने बिबट्या पहिल्यांदाच पाहिलेला असतो.

शेवटी ठरलं ते असं: तीन मिलिलिटरचे सहा डार्ट आणि दीड मिलिलिटरचे दोन, सगळे रिकामे. औषध तीन मोठ्या बिबट्यांना पुरेल इतकं. उतारा, म्हणजे झायलाझिनचा परिणाम उलटवणारं योहिम्बिन, पाचांना पुरेल इतका. उतारा कायम औषधापेक्षा जास्त न्यायचा, हा माझा नियम आहे. बेशुद्ध करता आलं नाही तर जनावर जिवंत तरी राहतं.

गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा बाहेर दोनेकशे माणसं, पोलिसांची गाडी, आणि झाडांवर चढलेली पोरं. वनरक्षकांनी दोर बांधून गर्दी मागे रेटली होती आणि ते मनापासून ओरडत होते. दाराशी बारा बोअरची बंदूक घेतलेले एक जुने वनरक्षक उभे होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी विचारलं, "माझ्याकडं पाच काडतुसं हायेत. तुमच्याकडं किती?"

"भरलेलं एकही नाही, मामा."

ते चकित झाले. काडतुसांचा हिशेब मामांसारख्या माणसाला नव्याने सांगावा लागत नाही. गोळी चुकेल किती वेळा, जनावर अंगावर आलं तर हाताशी किती हव्यात, यावरून काडतुसं ठरतात. जास्त असली तर वजन वाढतं, बाकी तोटा नाही. डार्टला तो हिशेब लावता येत नाही. पहिला लागला की पुढच्या प्रत्येक डार्टमधलं औषध पहिल्याच्या औषधावर चढतं. दोन पूर्ण मात्रा एका अंगात गेल्या तर श्वास थांबू शकतो. म्हणून हाताशी आठ भरलेले असणं हाच धोका असतो. गर्दी ओरडत असते, साहेब घड्याळ बघत असतात, जनावराची मान अजून ताठ असते, आणि डार्ट हातात तयार असतो. त्या क्षणी थांबायला मी स्वतःवर भरवसा ठेवत नाही, आधीच कमी भरण्यावर ठेवते.

मागच्या खिडकीच्या फटीतून तिला पाहिलं. चरकाजवळ, चिपाडाच्या ढिगाला टेकून बसलेली. मी अंदाज केला चाळीस किलोचा. केटामीन किलोला साधारण पाच मिलिग्रॅम, झायलाझिन दोन. आमच्याकडच्या दोन्ही बाटल्यांत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. म्हणजे दोन मिलिलिटर आणि ०.८, एकूण २.८. तीनच्या डार्टमध्ये नेमकं बसतं. तसे दोन भरले. एक मारायचा, दुसरा पहिला चुकला किंवा फुसका निघाला तर. बाकीचे सहा रिकामेच ठेवले. अंतर चौदा मीटर. चिपाडाच्या पोत्यावर पाणी भरलेला एक जुना डार्ट त्याच अंतरावरून मारून दाब तपासून घेतला.

दहाला आठ मिनिटं कमी असताना मारला. मागच्या मांडीवर लागला. ती गुरगुरली, वळून चावायला गेली, तार ताणली गेली आणि पुन्हा बसली.

मग वाट पाहणं. आठ मिनिटं झाली, मान वरच. वनक्षेत्रपाल साहेब शांत माणूस, पण तेही म्हणाले, "डॉक्टर, दुसरा देऊन बघायचा का? पत्रे तापायला लागलेत." त्यांची काळजी बरोबर होती. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा, आणि आधीच घाबरलेलं, तारेने जखडलेलं जनावर. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडमध्ये शिरलेला गवा पुणेकर विसरलेले नाहीत. गर्दीने पळवलेला, दमलेला, तापलेला, मग डार्ट, आणि त्याच दिवशी मेला. जिवाच्या भीतीने पळणाऱ्या, धडपडणाऱ्या जनावराचे स्नायू आतून खराब होऊ लागतात, अंगाचा ताप वाढत जातो, आणि औषध त्यावर आणखी एक ओझं होतं. घाबरलेल्या जनावरावर औषध उशिराही चढतं. म्हणून उशीर दिसला की पुन्हा मारायचं नाही, आधी पहिल्याचं काय झालं ते बघायचं.

नव्या डॉक्टरने दुर्बीण लावली. "दट्ट्या पुढे गेलाय, मॅडम. पूर्ण."

म्हणजे औषध गेलेलं होतं. सोळाव्या मिनिटाला तिचं डोकं खाली टेकलं. मी लांब काठीने शेपटीला स्पर्श करायला निघाले, तोच चुलाणाच्या तोंडातून, जिथे चिपाड ढकलतात तिथून, एक डोकं बाहेर आलं.

पिल्लू. नर, दहा-अकरा महिन्यांचं, वीसेक किलोचं. पहाटेपासून थंड चुलाणात दबा धरून बसलेलं. ते आईजवळ येऊन तिच्यासमोर उभं राहिलं आणि दात दाखवू लागलं. आता आईजवळ कुणाला जाता येणार नव्हतं, आणि तिची गुंगी तासभर टिकणार नव्हती.

नव्या डॉक्टरने बंदूक पुढे केली. आत दुसरा भरलेला डार्ट तयार होता. त्याचा दोष नाही, तिथल्या कुणीही तेच केलं असतं. मी डार्ट काढून त्याला दाखवला. २.८ मिलिलिटर, चाळीस किलोचं औषध. समोर वीस किलो.

त्याने एक शब्दही न बोलता दीडचा डार्ट उघडला आणि भरायला घेतला. एक मिलिलिटर, ०.४, हवेचा दाब, नळी. चार मिनिटंही लागली नाहीत. आठच्या आठ पुण्यातच भरून आणले असते तर त्या वेळी आमच्या हातात एकही उपयोगाचा डार्ट नसता.

पहिला दीडचा चुकला. मी दाबला आणि ते त्याच क्षणी वळलं, डार्ट चिपाडात गेला. दुसरा भरेपर्यंत ते चुलाणाच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं, पाठ आमच्याकडे. तो मांडीत बसला. तोही चुकला असता तर तीनच्या रिकाम्या डार्टमध्ये तेवढंच औषध घेऊन, उरलेल्या जागेत डिस्टिल्ड वॉटर भरून मारला असता, अर्धवट भरलेला डार्ट हवेत भरकटतो म्हणून. तशी वेळ आली नाही. आठ मिनिटांत ते आडवं झालं.

पुढचं काम भराभर झालं. आईला हातानेच थोडं केटामीन वाढवून दिलं, डोळ्यांवर कापड बांधलं. त्याआधी डोळ्यांत मलम, कारण केटामीनखाली डोळे उघडेच राहतात आणि कोरडे पडतात. अंगात ताप १०४च्या पुढे. ओल्या गोणपाटांनी अंग गार केलं, सलाईन लावलं. तार कातडीत बोटभर रुतली होती. मामांनी बंदूक दुसऱ्याच्या हाती दिली आणि कटर स्वतः धरला. एकाच दाबात तार तुटली. वजन केलं: आई ४३ किलो, पिल्लू १९.

दोघांना शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवल्यावर उतारा दिला. तो घाईने देता येत नाही. योहिम्बिन फक्त झायलाझिन उलटवतं, केटामीनला उतारा नाही. झायलाझिन आधीच निघून गेलं आणि केटामीन अंगात उरलं तर जनावराला आकडी येऊ शकते. त्यामुळे केटामीन ओसरेपर्यंत थांबावं लागतं, आणि ते थांबणं बाहेरच्या माणसांना आळस वाटतो. पिल्लू आधी उठून बसलं. आईने पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावलं तेव्हा साहेबांनी गाड्या काढायला सांगितल्या. जखमेच्या उपचारासाठी दोघांना बावधनच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात न्यायचं ठरलं.

मी मात्र थांबले. चुकलेला डार्ट चिपाडात कुठेतरी होता, आत १.४ मिलिलिटर औषध तसंच, दाबाखाली. गुऱ्हाळाचे मालक म्हणाले, "राहू द्या मॅडम, सीझन लागला की चुलाणात जळून जाईल." पण चुलाणात चिपाड घालतात ती माणसं हातांनी घालतात. बाहेरगावाहून येणाऱ्या कामगारांची पोरं त्याच ढिगावर खेळतात. दोन वनरक्षक, नवा डॉक्टर आणि मी, चौघांनी ढीग थराथराने उपसायला घेतला. मग मालकही आले, मग त्यांच्या आई. पाऊण तासाने आजीच म्हणाल्या, "ते गुलाबी काय हाय गं?"

"आजी, हात लावू नका!"

डार्टच्या शेपटीचा गुलाबी झुबका होता. नळी जागेवर, औषध आत. दाब सोडला, सुईला टोपण लावलं.

नेलेले आठ आणि चाचणीचा जुना एक, सगळे ताटात मांडले. मारलेले तीन, त्यातला एक चुकलेला. भरून न वापरलेला एक. रिकामे चार. चुकलेल्या आणि न वापरलेल्या डार्टमधलं औषध साहेबांसमोर नष्ट केलं, रजिस्टरमध्ये मिलिलिटर लिहिले आणि त्यांची सही घेतली. वनरक्षक तोवर ओढ्याकडेच्या बांधावरून आणखी फासक्या काढून घेऊन आले होते, त्यांचा पंचनामा सुरू झाला.

परतीच्या वाटेवर उरुळी कांचनला चहा घेताना नव्या डॉक्टरने किटची यादी पुन्हा लिहिली. तीनचे डार्ट सहाचे चार केले, दीडचे दोनाचे चार. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पोचल्यावर भरणे." मी त्याखाली सही केली.