एपिपोजियमच्या शोधात: बिनपानांच्या ऑर्किडसाठी जूनमधली जंगलफेरी

कर्नाटकातल्या पश्चिम घाटात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, एपिपोजियम रोझियम पाहण्यासाठी दोन सकाळची फेरी. पहिली सकाळ रिकामी गेली, दुसऱ्या सकाळी एकाच उतारावर सात दांडे सापडले. नेमकी जागा मुद्दाम दिलेली नाही. जागा चारचौघांत फुटली की पुढच्या हंगामात तिथला पाचोळा तुडवलेला असतो.

पहिल्या दिवशीची चूक म्हणजे ओढ्याच्या काठाने शोध घेतला. तिथे ओल भरपूर, पण पावसाचे पाणी पाचोळा वाहून नेते आणि खाली नुसती माती उरते. या वनस्पतीला पाचोळा टिकून कुजणारी जागा लागते. दुसऱ्या दिवशीचा उतार सौम्य होता, मोठ्या झाडांची दाट सावली होती. पाचोळ्याचा थर चांगला वीतभर होता, आणि वरची पाने बाजूला न करताही कुबट वास येत होता. अशा ठिकाणी चालत चालत पाहून काही दिसत नाही. दहा-पंधरा पावलांवर थांबायचे, उकिडवे बसायचे आणि टॉर्चचा झोत जमिनीला समांतर मारायचा. फिकट, पिवळसर-गुलाबी दांडा तपकिरी पाचोळ्यावर लगेच उजळतो.

दांडा मांसल, आतून पोकळ आणि फार ठिसूळ. फुले खाली झुकलेली, पुरती न उघडणारी, ओठावर, म्हणजे वेगळ्या आकाराच्या पाकळीवर, गुलाबी ठिपके. पान नाही, आणि गंमत म्हणजे मूळही नाही. जमिनीखाली फक्त एक मांसल कंद. क्रमिक पुस्तकांत याला ‘मृतोपजीवी’, म्हणजे कुजणाऱ्या पदार्थांवर थेट जगणारे, म्हणत, ते चुकीचे आहे. पाचोळा कुजवते बुरशी, आणि ऑर्किड त्या बुरशीकडून अन्न घेते. सगळ्याच ऑर्किडचे धुळीएवढे बी रुजताना बुरशीवर अवलंबून असते; बाकीची बहुतेक पुढे हिरवी होऊन स्वतःचे अन्न करू लागतात, हे मात्र जन्मभर बुरशीवरच राहते. हरितद्रव्याची गरजच न उरल्याने याच्या लवकातला (पेशीतल्या, हिरव्या वनस्पतींत अन्न तयार करणाऱ्या कणांतला) जनुकसंच जेमतेम 19 हजार बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरजोड्यांचा, उरला आहे. हिरव्या वनस्पतींत तो साधारण दीड लाखांचा असतो. सगळे अन्न बुरशीकडूनच येत असल्याने कंद उपटून कुंडीत लावला तर तो मरतो. बुरशी मागेच राहिलेली असते.

ओळखताना घोटाळा होतो तो एजिनेशियाशी. तेही बिनपानांचे, पण दुसऱ्या वनस्पतींच्या मुळांवरचे परजीवी. त्याच्या एका देठावर एकच जांभळट, नळीसारखे फूल येते. ऑर्किडच्या फुलात बाहेरच्या तीन आणि आतल्या तीन पाकळ्या मोजता येतात, आतल्यांपैकी एक वेगळ्या आकाराची, म्हणजे ओठ.

वेळेचे गणित कडक आहे. वळवाच्या सरींनी जमीन भिजली की कंदातून दांडा झपाट्याने वर येतो, फुले थोडेच दिवस टिकतात, फळे भराभर पिकतात आणि दांडा कुजून जातो. त्यामुळे एकच तारीख पक्की करून जाऊ नका. आठवड्याच्या अंतराने दोन फेऱ्या ठेवा.

फोटोत पांढरट दांडा हमखास जळतो, म्हणजे फार उजळून तपशील जातो, कारण कॅमेरा काळोख्या पार्श्वभूमीवरून मोजमाप घेतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा, फ्लॅश टाळा, बाजूने छोटा एलईडी धरा. पूर्ण झाड, फूल समोरून, फूल बाजूने आणि दांड्याचा तळ, एवढे फोटो ओळखीला पुरतात. शेजारी पट्टी ठेवा. तळ दिसावा म्हणून पाचोळा उकरू नका, बुरशीचे धागे त्याच थरात असतात. ट्रायपॉडऐवजी धान्याची छोटी पिशवी वापरा, आणि गुडघा टेकण्याआधी हाताने चाचपा. नुकते वर आलेले कोंब पाचोळ्याखाली असतात आणि सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद करताना स्थान धूसर ठेवा.

जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे हवेतच; मीठ पाचोळ्यावर टाकू नका. राखीव जंगलात वनखात्याची परवानगी आधी काढा. अभयारण्यात एक फूल तोडणेही गुन्हा आहे.

जून हुकला तर पावसाच्या उत्तरार्धात अफायलॉर्किस मोंटाना हे दुसरे ऑर्किड पाहता येते. तेही बिनपानांचे, पण दांडा उंच, काटक, जांभळट रेघांचा. सावली तशीच दाट लागते.