डिस्चार्ज बुकातलं नाव

नोव्हेंबर महिना आमच्या सेंटरवर फौजी पेन्शनरांचा. हयातीचा दाखला 'स्पर्श'वर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या पोर्टलवर, चढवायचा असतो. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाईन कामांचं सेंटर आहे. शटर उघडायच्या आधीच पायरीवर अक्कलकोट, बार्शीहून पहिल्या एसटीने आलेली माणसं बसलेली असतात. माझे मिस्टर फौजेच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झाले, त्यामुळे पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, पार्ट टू ऑर्डर म्हणजे जवानाच्या नोंदी बदलणारा युनिटचा आदेश, हे शब्द मला घरातलेच.

त्या दिवशी मोहोळ तालुक्यातलं एक जोडपं आलं. भाऊ मराठा लाईट इन्फंट्रीतून 24 वर्षांनी हवालदार म्हणून निवृत्त होऊन दीड महिना झालेला. बँकेतल्या गार्डच्या जागेसाठी फॉर्म भरायचा होता. मी विचारत होते त्यांना आणि उत्तरं देत होत्या वहिनी. गट नंबर, रेशन कार्ड, धाकटीची शाळा, सगळं त्यांना तोंडपाठ. भाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, अजून सुट्टीवर आल्यासारखंच वाटतंय. कांदा मार्केटला न्यायला गाडी कुणाची सांगायची, तेसुद्धा हिला विचारावं लागतं."

फौजेत काय काम होतं, म्हणून विचारलं तर शेवटची सहा वर्षं क्वार्टरमास्टर स्टोअर, म्हणजे युनिटच्या सामानाचं कोठार सांभाळलेलं. बायोडेटात त्याचा एक शब्द नव्हता. फौजी म्हटलं की गेटवर उभा करायचा, ही समजूत मला फार लागते. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे एवढे कारखाने, त्यांना काय स्टोअर सांभाळणारा माणूस लागत नाही? मी बायोडेटा नव्याने टाईप करायला घेतला.

तेवढ्यात एक म्हाताऱ्या काकू आल्या, कागदांची पिशवी छातीशी धरून. मालक जाऊन वर्ष झालं, तरी फॅमिली पेन्शन सुरू नाही. कारण एवढंच की पीपीओवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव बाई जन्मभर वागवते, पण फौजेच्या कागदाला ते ठाऊक नसतं. एका कार्यालयात तर त्यांना विचारलं होतं, "ही दुसरी बायको कोण?" सांगताना काकूंचा आवाज फुटला. "पोरी, त्या दोघी मीच की गं!"

त्यांचं प्रतिज्ञापत्र तपासून होईपर्यंत भाऊ एकदम गप्प झाले होते. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या फाईलमधून डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळणारं नोंदींचं पुस्तक, काढून माझ्यापुढे ठेवलं. "आमचंही बघा जरा."

तिथेही तेच. लग्नाची नोंद करताना त्यांनी वहिनींचा शाळेचा दाखला जोडला होता, म्हणून कागदावर माहेरचं नाव राहिलं. बावीस वर्षांत कुणी ते पान नीट वाचलंच नव्हतं. नोकरीत असताना युनिटच पार्ट टू ऑर्डरने अशी दुरुस्ती करून देतं. आता प्रतिज्ञापत्र, आधार आणि लग्नाचा दाखला जोडायचा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्यांच्या रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा आणि दुरुस्त पीपीओची वाट बघायची. वेळ जातो. तरी माणूस स्वतः समोर बसून सही करतोय तोवर ते सोपं असतं. मागे राहिलेल्या बाईला प्रत्येक खिडकीवर आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं. निवृत्त होऊन येणाऱ्या प्रत्येक भावाला मी हात जोडून सांगते, हारतुऱ्यांच्या आधी पीपीओवरचं बायकोचं नाव वाचा.

वहिनी ते पान हातात घेऊन बसल्या होत्या. आई गेल्यापासून या नावाने कुणी हाक मारली नाही, म्हणाल्या. भाऊ म्हणाले, "मला तिथं रोज हेच दिसायचं. आय-कार्डाच्या फॉर्मवर, इन्शुरन्सवर, सगळीकडं."

बँकेत, सातबाऱ्यावर, मुलांच्या दाखल्यांवर सासरचंच नाव आहे, तेव्हा फौजेचाच कागद बदलू, असं मी सांगितलं. वहिनींनी मान डोलावली. "करा ताई. पण जरा थांबा."

त्यांनी मोबाईल काढला, पान काउंटरवर हाताने सपाट केलं, सावली पडते म्हणून भाऊंना बाजूला व्हायला सांगितलं आणि आपल्या जुन्या नावाचा फोटो काढून घेतला.