लोग्रोन्योची कोवळी रेड वाइन

स्पेनमधल्या बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय, तिथला पाऊस, हॉटेल, सगळं ठीक होतं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते तिथून बसने दोनेक तासांवर असलेल्या लोग्रोन्योबद्दल. तेही अख्ख्या गावाबद्दल नाही, काये देल लाउरेल या एका गल्लीबद्दल.

लोग्रोन्यो ही रिओखा प्रांताची राजधानी. गल्लीत बारला बार खेटून उभे, आणि बहुतेकांची ओळख एखाद्याच पदार्थाची. बार सोरियानोत मशरूम. पावाच्या तुकड्यावर लसणाच्या तेलात परतलेल्या तीन मशरूम टोप्या एकावर एक, वर एक छोटी कोळंबी. उभ्याने खायचं, पेला रिकामा करायचा, पुढच्या दारात शिरायचं.

मी सवयीने क्रिआन्सा मागितली. क्रिआन्सा म्हणजे किमान दोन वर्षं मुरवलेली रेड वाइन, त्यातलं निदान एक वर्ष ओकच्या पिंपात. पहिला घोट सुंदर होता. पण मशरूमचा घास घेतल्यावर लसूण आणि लाकडाचा व्हॅनिलासारखा वास एकमेकांना भिडले. शेजारच्या आजोबांनी माझा चेहरा पाहिला असावा. त्यांनी काउंटरवाल्याला खूण केली आणि माझ्यापुढे दुसरा पेला आला: जांभळट, किंचित गार, कोसेचेरो, म्हणजे पिंपात न मुरवलेली कोवळी वाइन. किंमत सव्वा युरोच्या आसपास, क्रिआन्साच्या जवळजवळ निम्मी.

ताज्या जांभळा-करवंदांचा वास, जिभेवर हलका आंबटपणा, तुरटपणा जेमतेम. आणि त्यावर तेच मशरूम अचानक गोडसर लागायला लागलं! आजोबा नुसते मान डोलावत होते. अनोळखी माणसाच्या ताटाची इतकी काळजी घेणारं आतिथ्य मला महागड्या टेस्टिंग रूममध्येही क्वचितच भेटलंय.

दुसऱ्या दिवशी लाग्वार्दियाला गेले. टेकडीवरचं तटबंदीचं गाव, घरांखाली पोखरलेली तळघरं. त्यांना धक्का नको म्हणून जुन्या गावात गाड्यांना बंधनं आहेत. तिथल्या एका तळघरात कोसेचेरो करायची रीत कळली. तेंप्रानियो जातीच्या द्राक्षांचे घड देठांसकट हौदात टाकतात. भाराने खालचे मणी फुटतात, रस आंबतो, त्यातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडने हौद भरतो, आणि वरच्या अख्ख्या मण्यांच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते. म्हणून फळाचा वास एवढा जिवंत. मग ना २२५ लिटरचं पिंप विकत घ्यायचं, ना माल वर्षानुवर्षं अडकवून ठेवायचा. ती स्वस्त आहे ती एवढ्यासाठीच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण दुकानात किंमत बघून दर्जा ठरवतो, आणि त्या किमतीतला केवढा तरी भाग लाकडाचा आणि वेळेचा असतो.

लाउरेलला जायचं तर आडवारी दुपारी, एक-दीडला जा. शनिवारी रात्री लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळके गल्ली अडवतात, काउंटरपर्यंत हात पोचत नाही आणि आरडाओरड्यात वाइनचा वासही हरवतो. माझी शनिवारची संध्याकाळ अशीच वाया गेली आणि त्याचा राग अजून आहे.

ही वाइन वर्षभरात प्यायची, त्यामुळे ती लांब जात नाही. त्यात भारतात आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलंय. मग पुण्याच्या दुकानात दिसते ती क्रिआन्सा किंवा त्याहून जास्त मुरवलेली रिझर्व्हा, तीही तिथल्या कितीतरी पट भावाने. पण नाशिक आपल्या हाताशी आहे. तिथे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. एखाद्या वायनरीने अख्ख्या घडांची, पिंप न बघितलेली वाइन करावी, उन्हाळ्याच्या तोंडावर पेल्याच्या हिशेबाने स्वस्तात द्यावी, सोबत लसणाची काहीतरी फोडणी दिलेला एकच पदार्थ ठेवावा. मी पहिली गाडी पकडून जाईन.