बंगळुरूत डोसा सकाळी, मटण दुपारी

मेव्हणा स्टेशनवर घ्यायला आला आणि पहिला प्रश्न, "दाजी, गाडीत काही खाल्लं नाहीत ना?" उद्यान एक्सप्रेसमध्ये रात्रभर चहावाल्यांना परतवून लावलं होतं ते याचसाठी. बॅगा त्याच्या डिकीत टाकल्या आणि घरी न जाता थेट मल्लेश्वरम गाठलं. चार दिवसांत आम्ही काय खाल्लं आणि कुठे फसलो, ते पुढे जाणाऱ्यांच्या कामी यावं म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. या शहराचं खाणं घड्याळावर चालतं. डोसा-इडली सकाळी, मटण दुपारी, आणि दुपारचं संपलं की संपलं. पुण्या-मुंबईच्या सवयीने अकराला नाश्त्याला निघालात तर रांग तुमची आणि डोसा दुसऱ्याचा.

मल्लेश्वरमच्या वीणा स्टोअर्स या इडलीच्या दुकानात बसायला जागाच नाही. पैसे द्यायचे, ताटली उचलायची आणि फुटपाथवर उभं राहून खायचं. शेजारी ऑफिसला निघालेला टायवाला, पलीकडे लालबुंद चेहऱ्याने चालून आलेले आजोबा, सगळे एकाच पंगतीत. इडली मऊ होती, पण मला वेड लावलं ते पातळ हिरव्या चटणीने. मिरची आधी कळत नाही, तिसऱ्या घासाला कळते. दोन इडल्यांवर थांबलो, कारण पुढे सीटीआर, म्हणजे सेंट्रल टिफिन रूम, होतं.

सीटीआरचं हल्लीचं नाव श्री सागर, पण रिक्षावाल्याला सीटीआरच सांगा. इथला बेण्णे मसाला खायचा. बेण्णे म्हणजे लोणी. आपल्याकडे गाड्यांवर मिळतो तो दावणगिरी लोणी डोसा पांढरा, जाळीदार, स्पंजासारखा. हा त्याचा चुलतभाऊ म्हणा हवं तर: बाहेरून तांबूस कुरकुरीत, आतून लुसलुशीत, आणि बोटांना लागलेलं लोणी दुपारपर्यंत जात नाही. टेबलावर अनोळखी माणसं येऊन बसतात आणि खुर्चीमागे पुढचा गडी उभा असतो. पहिल्यांदा अवघडायला होतं. शेवटच्या दिवशी मी स्वतः दुसऱ्याच्या खुर्चीमागे तस्साच उभा होतो.

शुक्रवारी माझ्या हट्टामुळे फजिती झाली. बसवनगुडीत गांधी बझारला विद्यार्थी भवन आहे, १९४३ सालचं. भल्या सकाळी तिथे पोचलो तर शटर खाली. शुक्रवारी बंद असतं हे मेव्हणा नऊ वर्षं तिथे राहून विसरला होता आणि मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.

पण त्या चुकीचं सोनं झालं. तसंच चालत शंकरपुरमला ब्राह्मिन्स कॉफी बारला गेलो. १९६५ पासूनचं चिमुकलं दुकान, बोर्डावर मोजून चार-पाच नावं: इडली, वडा, खारा बात, केसरी बात, कॉफी. सांबार मागू नका, ते नाहीच. चटणी मात्र हवी तितकी. ताटली घेऊन पुन्हा जायचं, वाढणारा कपाळाला आठी न घालता पळी ओततो. बात ऐकून मी भात शोधत होतो. दोन्ही रव्याचे निघाले! खारा बात म्हणजे भाज्या घातलेला उपमा आणि केसरी बात म्हणजे शिरा. कन्नडमध्ये खारा म्हणजे तिखट, खारट नव्हे. दोन्ही एका ताटलीत घेतले की त्याला चौचौ बात म्हणतात. हे दुकान रविवारी बंद असतं.

शनिवारी विद्यार्थी भवन उघडं मिळालं. वाढपी एका हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत रचून येतो आणि पत्ते वाटावेत तशी वाटत जातो. डोसा जाडसर, तुपात खरपूस. सीटीआर की विद्यार्थी भवन, या वादात बंगळुरूत घरं फुटत असतील. माझं मत सीटीआरला. मेव्हणा त्यावर दिवसभर गप्प होता.

आता ज्यासाठी मी खरा गेलो होतो ते. बंगळुरूत 'मिलिटरी हॉटेल' असा बोर्ड दिसला की समजायचं, इथे मटण आहे. जुन्या मिलिटरी हॉटेलांपैकी बरीच तिथल्या मराठा घराण्यांची. १६३८ च्या सुमारास बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हापासून मराठी माणसांचा या शहरात वावर आहे. जयनगरमधल्या शिवाजी मिलिटरी हॉटेलात शिरताना मला उगीचच पाहुण्याच्या घरी चाललोय असं वाटलं.

तिथे दोण्णे बिर्याणी घ्या. दोण्णे म्हणजे वाळल्या पानांचा द्रोण, शब्दही जवळचाच. बिर्याणीत बासमती नाही, बारीक दाण्याचा जिरगा सांबा तांदूळ असतो. आपल्या जिरेसाळीच्या जवळ जाणारा. केशर नाही, तळलेला कांदा नाही, पुदिना-कोथिंबीर-हिरवी मिरचीचा वाटलेला मसाला. हैदराबादी शोधत गेलात तर हिरमोड होईल, पण मटणाचा रस त्या बारीक दाण्यात जो मुरतो तो लांब दाण्यात मुरत नाही. सोबत मटण ड्राय. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माझ्या जिभेला इथलं तिखट वेगळं लागलं. लाल नाही, काळ्या मिरीकडे झुकणारं. बाराच्या सुमाराला पोचा. उशिरा गेलात तर हवं ते मिळेलच असं नाही.

रविवारी लालबागेत फेरी मारून शेजारच्या एमटीआरला, म्हणजे मवळ्ळी टिफिन रूमला. १९२४ साली मय्या बंधूंनी सुरू केलेलं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून यांनी रव्याची इडली काढली, ती आज आपण घरी बिनदिक्कत करतो. मूळची इथे खाल्ली: काजू, मोहरी आणि वर ओतायला वाटीत साजूक तूप. नाव सांगून थांबावं लागतं, आम्ही पाऊण तास थांबलो. सोमवारी बंद.

फिरायला गाडीचा मोह टाळा, वाहतुकीत भूक मरते. मेट्रोची हिरवी लाइन जवळजवळ हा सगळा मेनू जोडते: मल्लेश्वरमसाठी मंत्री स्क्वेअर संपिगे रोड, गांधी बझार आणि शंकरपुरमसाठी नॅशनल कॉलेज, एमटीआरला लालबाग, मटणाला जयनगर. स्टेशनपासून पुढे रिक्षा. दोघांत एकेक पदार्थ घ्या, म्हणजे दोन ठिकाणं होतात. कॉफीला तर 'बाय टू' म्हटलं की एकीचे दोन पेले करून देतात, कोणी कमी लेखत नाही.

येताना कॉफी पावडर आणायची तर ताजी दळून देणारं दुकान गाठा. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळांची पूड, किती घालू, असं विचारतील. मी गोंधळून मेव्हण्याकडे पाहिलं. "ऐंशी-वीस सांगा दाजी, ताईला कडू चालत नाही."